कोंबडीचा वैशाख

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण आपण सगळेच वापरतो. राजकारणात तर ती रोज लागते. पण त्या म्हणीतलं झाकण शहरातल्या किती जणांनी पाहिलं असेल? ते म्हणजे डालगं. तुरीच्या काटक्यांचं नाहीतर बांबूच्या कामट्यांचं, विरळ विणलेलं, पालथं घालायचं टोपलं. कैकाडी ते काटक्यांचं विणायचे, बुरुड बांबूचं. बाईनं ते विकत घेताना आधी डोळ्यांसमोर धरून पाहायचं, पलीकडचं दिसतं की नाही. घट्ट विणीचं डालगं दिसायला छान, पण कोंबडी त्यात उकडून मरते.

म्हणीला काळजी आहे ती पहाटेची. माझं आजचं बोलणं मात्र दुपारचं आहे. वैशाखातली दुपार, बारामती-इंदापूरचा मुलूख, चाळिशीच्या वर गेलेला पारा, आणि त्या डालग्याखाली चोच उघडून बसलेला एक जीव. हा जीव उन्हाळ्यात जगवायचा कसा, याचा आपल्या भागात एक इतिहास आहे. तो कोणी लिहून ठेवला नाही, कारण तो बायकांच्या हातात होता. सरकारी दप्तरात बैल मोजले गेले, घोडी मोजली गेली, कालव्याखालचे एकर मोजले गेले. परड्यातल्या पाच कोंबड्यांसाठी कोणाला पावती फाडावी लागली नाही, म्हणून त्यांचा कागदही झाला नाही. पण अंड्याचा पैसा हा घरातल्या बाईचा स्वतःचा पैसा होता. त्यात नवऱ्याला हिशोब विचारता येत नसे. पोराची पाटी, पोरीच्या बांगड्या, माहेरी जायचं एस.टी.चं तिकीट हे त्यातून निघायचं. वैशाखातल्या एका दुपारी तीन कोंबड्या मेल्या की त्या बाईचं वर्षाचं भांडवल बुडालं. तेव्हा हा विषय ऐकायला हलका वाटला तरी वजनाला हलका नाही, श्रोतेहो.

आधी कोंबडीच्या अंगाकडे पाहू. माणसाला घाम येतो, कोंबडीला येत नाही. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नाहीत. वरून पिसांचा कोट, तोही बारमाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच एकेचाळीस-बेचाळीस अंश सेल्सिअस असतं. आपल्याला तेवढा ताप चढला तर घरात रडारड सुरू होईल. हवा तिच्या अंगापेक्षा थंड असेल तोवर तुरा, गळ्याखालचे लोंबते कल्ले आणि उघडे पाय यांतून उष्णता बाहेर जाते. म्हणून ती पंख अंगापासून दूर धरते, मातीत खड्डा करून पोट टेकते. हवा तिशीच्या पुढे गेली की एवढ्यानं भागत नाही. मग ती चोच उघडून धापा टाकू लागते. एरवी मिनिटाला पंचवीस-तीस श्वास घेणारी कोंबडी दीडशे-दोनशेच्या पुढे जाते. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात, कोंबडीला त्या नऊ. तिथली आणि घशातली ओल उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. रांजण जसा पाझरून पाणी गार करतो, तशी कोंबडी आतून पाझरते म्हणा ना.

एवढा उष्णतेला भिणारा पक्षी आपल्या उघड्या माळावर आला कुठून? त्याचं मूळ घर जंगल. लाल रानकोंबडा हा तिचा मुख्य पूर्वज; आग्नेय आशियातल्या आणि हिमालयाच्या पायथ्याच्या झाडीत, बांबूच्या बेटांत राहणारा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडं मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणची ठरली, इसवीसनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० या काळातली. शेतात सांडलेल्या भाताच्या दाण्यामागे रानकोंबडी माणसाच्या वस्तीत शिरली असावी, असं त्या संशोधकांचं म्हणणं. दाणा मिळाला, पण सावली मागे राहिली.

आणि यात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. भोर-वेल्ह्याच्या बाजूला झाडीत जो राखी रानकोंबडा ओरडतो, तो दक्षिण भारताचा खास पक्षी. २००८ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा गुण लाल रानकोंबड्यापासून आलेला नाही, तो या राखी रानकोंबड्याकडून आला. म्हणजे जगात कुठल्याही देशात पिवळ्या पायांची कोंबडी दिसली तर तिच्या पायात आपल्या बाजूचा थोडा अंश आहे. तोही पक्षी सावलीतलाच. रात्री झाडावर, दिवसा झुडपाखाली.

पुणे जिल्ह्याची गंमत अशी की पश्चिमेला तो धो-धो पावसाचा आणि पूर्वेला आभाळाकडे डोळे लावून बसलेला. बारामती-इंदापूरला वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानं हा भाग होरपळून निघाला. त्यानंतर नीरा डावा कालवा झाला आणि १८८५ च्या सुमारास त्याचं पाणी वाहू लागलं. भोरकडच्या वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण, तिथून पाणी नीरेत, वीरच्या बंधाऱ्यावरून कालव्यात, आणि पुरंदर-बारामती ओलांडून थेट इंदापूरपर्यंत. रानकोंबड्याच्या डोंगरातलं पाणी शंभर मैल चालत परड्यातल्या कोंबडीला भेटायला आलं, असं मी एकदा एका कवितेत लिहायला बसलो होतो. कविता झाली नाही. पाणी मात्र आलं, त्याबरोबर ऊस आला, आणि १९३० च्या दशकात कळंबच्या माळावर वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. उसाबरोबर कोंबडीला कधी मिळाली नव्हती अशी एक वस्तू मिळाली. पाचट. त्याचं पुढे सांगतो.

पण कालव्याचं पाणी सगळ्या गावांना नाही. इंदापूरचा बराचसा भाग कोरडवाहूच राहिला. तिथं उन्हाळा निभावण्याचं साधन होतं ते घर. या भागातली जुनी घरं धाब्याची. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर काटक्या आणि पाला, त्यावर चिखलाचा थर आणि त्यावर पांढरी माती. पडक्या गढ्यांची पांढरी माती धाब्याला चांगली, म्हणून लोक गाडीनं आणायचे. हे छप्पर दिवसभर ऊन खातं, पण ते आत पोचायला संध्याकाळ होते; तोवर बाहेर वारा सुटलेला असतो. सोप्यात दुपारी माणसं आडवी व्हायची आणि उंबऱ्यापाशी कोंबड्या. कोणी हाकलत नसे. सकाळी घरात शिरलेल्या कोंबडीला झाडू बसायचा, दुपारी तिला माफी होती.

आमच्या घरात दख्खनी बोलली जाई. माझी दादी मात्र कोंबड्यांशी मराठीत बोलायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाही. कोंबड्या शेजारच्या मराठा काकूच्या परड्यातून आलेल्या, एवढंच कारण असेल. लोकांना सांगताना मात्र तिची दख्खनी सुटायची. ‘मुर्गी बोलती नै, हापती है,’ असं ती म्हणायची. कोंबडी बोलून दाखवत नाही, धापा टाकते, पाहायचं तुम्ही. दादीला एक अक्षर येत नव्हतं. पण फाल्गुन संपला की तिचं वेळापत्रक बदलायचं, आणि ते आजच्या कुठल्याही पशुवैद्यकाच्या पत्रकाशी लावून पाहावं.

पहिलं म्हणजे दाणा. उन्हाळ्यात ज्वारी-कण्या पहाटे उजाडता उजाडता, आणि मग थेट दिवस कलल्यावर. मधे नाही. दुपारी आम्ही पोरं दया येऊन मूठभर दाणे टाकायला गेलो की ती ओरडायची. तिचं म्हणणं, पोटात चूल पेटवू नका. शास्त्र तेच सांगतं: खाल्लेलं पचवताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी वाढते. दहा वाजता खाल्लेला दाणा एक-दोनच्या उन्हात भर घालतो. दयेनं कोंबड्या मरतात, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

दुसरं पाणी. मातीचं पसरट परळ, तेही एक नव्हे. चार कोपऱ्यांत चार. पाणी उन्हात नाही ठेवायचं. उन्हात तापलेलं पाणी कोंबडी पीत नाही, ती शेजारी बसून तहानेनं मरेल. उन्हाळ्यात कोंबडी एरवीच्या दुप्पट आणि त्याहूनही जास्त पाणी पिते, कारण सगळं धापांतून उडून जातं. दुपारी पाणी बदलायचं, आणि त्यात कधी चिमूटभर मीठ, कधी गुळाचा खडा. कधी ताक. बारीक चिरलेला कांदा तर ठरलेलाच. चैत्रात गावोगाव पाणपोया बसतात, आमच्याकडे सबील बसते, तसं दादीच्या परळांचं असायचं. त्यांवर चिमण्या यायच्या, कुत्री यायची, एकदा एक मुंगूस सगळ्यांदेखत पाणी पिऊन गेलं. त्याला मात्र दादीनं दगड मारला.

तिसरी माती. घरामागे मेंदीचं झुडूप होतं, त्याच्या बुंध्याशी भांडी घासल्याचं पाणी जायचं. तिथं कायम ओल. कोंबड्यांनी पाय आपटून आपापले खड्डे केलेले, प्रत्येकीचा ठरलेला. ओल्या मातीला पोट लागलं की उष्णता मातीत उतरते. रांजणाच्या तिवईखालची जागा त्याहून भारी, पण तिथं सगळ्यांत दांडगी कोंबडी बसायची; बाकीच्यांनी तिकडे पाहायचंही नाही. कोंबड्यांतही पाटिलकी असते.

आणि चौथं, वैशाखात रवण बसवायचं नाही. खुडूक कोंबडीला या दिवसांत अंड्यांवर बसवली तर दोन संकटं. एक म्हणजे एकवीस दिवस ती अंग हलवायची नाही, पाण्यालाही नीट उठायची नाही. दुसरं म्हणजे अंडीच खात्रीची नसायची. उबवायचं अंडं तापलेल्या जागी नुसतं पडलं तरी त्यातला जीव अर्धवट वाढू लागतो आणि मग मरतो. दादी अंडी ज्वारीच्या कणगीत गार दाण्यांत खुपसून ठेवायची, ती खायला आणि विकायला. रवण मृगाचा पाऊस पडल्यावर.

एक गोष्ट तिलाही सुटली नव्हती, ती रात्रीची. खुराडं ओट्याच्या पोटात, दगड-मातीचं, तोंडाला फळी आणि फळीला धोंडा. हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात भट्टी. दिवसभर तापलेली कोंबडी रात्री त्यात कोंडली की तिला गार व्हायला वेळच मिळत नाही. सकाळी एखादी मेलेली निघायची. बाहेर ठेवावी तर मुंगूस, रानमांजर, कुत्रं. बायका मग अंगणात बाज टाकून निजायच्या आणि बाजेखाली डालग्यात कोंबड्या. घरातले लोक हसायचे. पण भांडवल उशाशी घेऊन निजणारा सावकार काय वेगळं करतो?

आता पत्रा. नागमोडी लोखंडी पत्रा हा १८२९ साली लंडनच्या गोदीतल्या एका इंजिनिअरानं, हेन्री पामर यानं, पेटंट घेतलेला शोध. पुढे त्यावर जस्ताचा मुलामा चढला आणि तो साऱ्या जगात गेला. आपल्याकडे तो आधी गोदामांवर, स्टेशनांवर आला आणि मग हळूहळू घरांवर. तो वाईट म्हणण्यात अर्थ नाही. धाबं दर पावसाळ्याआधी मातीनं लिंपावं लागतं, तरी गळतं, साप-विंचू पाळतं, आणि एखाद्या मुसळधार रात्री कोसळतं. पत्र्यानं गरिबाला कोरडं छप्पर दिलं. पण दिवसा त्याला हात लावला तर भाजतो, आणि तापायला त्याला दहा मिनिटं पुरतात. धाब्याखालची गार दुपार पत्र्याखाली गेली. माणसानं पंखा घेतला. कोंबडीसाठी घराचा उंबरा निरुपयोगी झाला.

हा बदल सगळीकडे एकदम झाला नाही. पण दोन धक्के मोठे होते. १९७२ चा दुष्काळ हा पहिला. दुष्काळी कामावर खडी फोडायला घरातली बाई सकाळीच गेली, संध्याकाळी आली. दुपारी पाणी बदलायला, सावली फिरेल तसं डालगं सरकवायला घरात कोण? माणसालाच टँकरची वाट पाहायची होती. आमच्या गल्लीतल्या बायका सांगायच्या की त्या वर्षी परडी ओस पडली. काही कोंबड्या उन्हानं गेल्या, काही विकल्या, बाकीच्या खाल्ल्या. दुसरा धक्का उजनीचा. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्यातली नदीकाठची गावं त्याच्या पाण्यात गेली. पळसदेवचं जुनं देऊळ अजून उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं, लोक फोटो काढायला जातात. देवळाभोवतीची लिंबं-चिंचा वर येत नाहीत. नवं गावठाण माळावर बसलं. तिथं आधी घर उभं करायचं की झाड? पत्रा एका दिवसात चढतो, लिंबाला सावली धरायला दहा वर्षं लागतात. त्या दहा वर्षांतल्या कोंबड्यांचा इतिहास मला तिथल्या म्हाताऱ्यांनी एका वाक्यात सांगितला: राहिल्या नाहीत.

जिथं कालवा होता तिथं मात्र बायकांनी उत्तर काढलं. पाचट! उसाची वाळली पानं, फडात जाळून टाकायची वस्तू. तिचा हातभर जाड थर खुराड्याच्या पत्र्यावर अंथरला, वरून दोरी नाहीतर दगड, आणि दुपारी तांब्याभर पाणी शिंपडलं की पत्रा पुन्हा धाबं झाला. जिथं ऊस नाही तिथं कडबा, तुराट्या. कोणी पत्र्याला चुन्याची सफेदी दिली. पांढरा रंग ऊन परत पाठवतो, आत चार-दोन अंशांचा फरक पडतो. बाजूनं ओलं गोणपाट टांगलं. आज मोठ्या शेडवाल्यांना जे सल्ले मिळतात त्यांत छपरावर पाचट आणि चुना हे असतंच.

शेडचं नाव निघालं म्हणून सांगतो. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुणे हे या धंद्याचं मोठं ठाणं झालं. त्याच १९७१ मध्ये बारामतीत आप्पासाहेब पवारांच्या पुढाकारानं ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती झाली आणि टीव्हीवर अंड्यांची जाहिरात पाठ झाली. आपल्या भागात लांबलचक शेड दिसू लागल्या. यातलं शहाणपण नाकारू नये. शेड पूर्व-पश्चिम लांब बांधायची म्हणजे ऊन लांब बाजूनं आत येत नाही. बाजूला जाळी, वर फवारे, पंखे. पण तिथली कोंबडीही वेगळी आहे. भराभर वजन धरणारी ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाते. जितकं भराभर वाढणं, तितकी अंगात जास्त उष्णता. तिला स्वतःहून झाडाखाली जाता येत नाही. मग पंखा थांबला की संपलं. २००० नंतरच्या दशकात भारनियमनाच्या दिवसांत दुपारी वीज गेली की शेडवाले पाण्याचे पाइप घेऊन छपरावर धावायचे. आमच्या ओळखीच्या एका तरुणाची एका दुपारी निम्मी शेड गेली. तो काही बोलला नाही, खड्डा खणायला माणसं बोलावून घेतली.

त्याआधी, १९६० च्या दशकापासून, सरकारनं खेड्यात सुधारित कोंबड्या वाटल्या. पांढरी लेगहॉर्न, तांबडी ऱ्होड आयलंड. नावं ऐकून बायका हसल्या. लेगहॉर्नचा तुरा मोठा, उन्हाला बरा. ऱ्होड आयलंड जड अंगाची, दाट पिसांची, उन्हाळ्यात ती आधी लोळण घ्यायची. आपली गावरान अंगानं हलकी, अंडी कमी, पण दुपारी कुठं बसायचं ते तिला शिकवावं लागत नाही. असील हा आपल्याकडचा दुसरा नमुना. उंच पायांचा, अंगालगत पिसांचा. असील हा शब्द अरबी, अर्थ खानदानी. त्याला मालकांनी झुंजीत घातलं, हे त्याचं दुर्दैव.

दुर्दैव म्हटल्यावर आणखी दोघींची आठवण काढायला हवी. गावरान कळपात कधीकधी उघड्या मानेची कोंबडी निघते, मानेवर पीसच नाही. लोक तिला कुरूप म्हणून आधी विकून टाकतात. आणि एक निघते उलट्या पिसांची, पिसं बाहेर वळलेली. तिला तर मंत्र-तंत्रवाल्यांनी बदनाम केलं. शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं तेव्हा या दोघी उन्हाळ्यात बाकीच्यांपेक्षा चांगल्या टिकतात असं दिसलं, कारण त्यांच्या अंगावर पिसांचं पांघरूण कमी. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं उघड्या मानेच्या गुणावर जातही तयार केली. ज्यांना आपण परड्यातून हाकललं त्याच उन्हाच्या कामाच्या होत्या.

अंड्याचीही एक गोष्ट आहे. वैशाखात अंड्याचं कवच पातळ होतं, टोपलीत घरंगळलं तरी फुटतं. बाजारात बाईला चार आणे कमी मिळायचे. याचं कारण धाप. धापांबरोबर अंगातला कार्बन डायऑक्साइड भसाभस बाहेर जातो, आणि कवच तर त्याच्याशिवाय बनत नाही. ते म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीच. रक्ताचा आम्ल-अल्काचा तोल बिघडतो आणि कवच विरतं. १९८५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी यावर उपाय म्हणून उन्हातल्या लेगहॉर्न कोंबड्यांना चक्क सोडावॉटर पाजलं, आणि कवच सुधारलं! हे वाचल्यावर मला बारामतीच्या एस.टी. स्टँडवरचा गोटीसोडा आठवला. दादी पाण्यात कधीकधी चिमूटभर खायचा सोडा टाकायची, तेही आता पत्रकांत सापडतं. कवच जाड करायला बाकी तिच्याकडे शिंपल्यांची भुकटी आणि घराचा पडका चुना होता.

मोरोपंत बारामतीचे. अठराव्या शतकातले एवढे मोठे पंडित कवी. त्यांच्या केकावलीचं नावच मोराच्या ओरडण्यावरून पडलं. मोर पावसाला हाक मारतो म्हणून कवींचा लाडका. उन्हात मुकाट बसलेल्या कोंबडीवर आम्हा कवींनी फारसं काही केलेलं नाही. चालायचंच. धापेला यमक जुळत नाही.

आता ज्यावरून मी हा विषय घेतला, ते सांगतो. आपण ऊन म्हणतो ते दोन प्रकारचं असतं, आणि बायकांना तो फरक ठाऊक होता. एक चैत्र-वैशाखाचं कोरडं ऊन. दुसरा ज्येष्ठातला उकाडा, ढग भरलेत, वारा पडलाय, पाऊस येत नाही. पारा वैशाखापेक्षा उतरलेला असतो, तरी कोंबड्या जास्त मरतात. कोरड्या हवेत धापांची ओल चटकन उडते. दमट हवेत ती उडतच नाही. म्हणजे कोंबडी नुसतीच श्वास घेऊन घेऊन दमते. कोरड्या उन्हात ओलं गोणपाट, शिंपडलेलं पाचट हे अमृत. तेच उकाड्यात केलं तर बंद खुराड्यात दमटपणा वाढून उलटं होतं. तेव्हा पाणी नको, वारा हवा. गोणपाट काढा, फळी काढा, डालगं विटांवर उचलून ठेवा म्हणजे खालून हवा खेळेल. शेजारची काकू मृग लागायच्या आठवडाभर आधीच खुराड्याच्या आडोशाचे सगळे ओले कपडे उतरवायची. तिला आर्द्रता हा शब्द माहीत नव्हता, ‘गदगदायला लागलं’ एवढंच ती म्हणायची.

आणि आपल्या भागात हा उकाडा वाढला आहे. चहूबाजूंनी कालव्याखालचा ऊस, उत्तरेला उजनीचं पसरलेलं पाणी. ज्या पाण्यानं मुलूख तगला त्यानंच हवेत ओल आणली. म्हणून एकाच तालुक्यात, कोरडवाहू गावातला उपाय बागायती गावात जसाच्या तसा चालत नाही. मोबाइलवर आलेला सल्ला वाचून कोणी जूनच्या ढगाळ दुपारी खुराड्यावर बादल्या ओतत असेल, तर त्याला थांबवावं. त्यात मानमोडीचंही भान हवं. हा रोग १९२० च्या दशकाच्या अखेरीस रानीखेतला ओळखला गेला, म्हणून त्याचं ते नाव. उन्हाळ्यात तो गावोगाव फिरतो, आणि सुरुवातीला तीही कोंबडी धापा टाकते. बाई समजते उन्हानं झालं. लस उन्हाळ्याआधी टोचून घ्यावी, आणि तीही सकाळच्या गारव्यात.

२००९ साली बारामतीजवळ माळेगावला केंद्र सरकारची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था सुरू झाली. नाव जड आहे. अजैविक ताण म्हणजे ऊन, दुष्काळ, खारवट जमीन, अशा निर्जीव गोष्टींनी पिकाला-जनावराला होणारा त्रास. संस्थेला जागा मिळाली तीही खडकाळ माळाची, फोडून माती करावी लागली अशी. देशभरातून जागा शोधताना हा अभ्यास नेमका आपल्याकडे यावा, यात आपल्या उन्हाची पावतीच आहे.

झाडांचं तेवढं राहिलं. पालखी मार्ग रुंद झाला, जुनी झाडं गेली. रस्त्याकडेच्या घरांच्या कोंबड्या आता उभ्या ट्रॉलीखाली बसतात. ट्रॉली सुरू व्हायच्या आधी ड्रायव्हर खाली वाकून हाकलतो, सगळेच वाकतात असं नाही. शहाण्या बायकांनी परड्यात शेवगा लावलाय. दोन वर्षांत सावली धरतो, शेंगा मिळतात, पाला कोंबड्या खातात. लिंब तिच्या नातवासाठी.

आमच्या इंदापुरात अलीकडे घरोघर कूलर आलेत. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर तो असतो, खालून थेंब थेंब पाणी गळतं आणि भिंतीलगत हातभर ओल होते. दुपारी दोनच्या सुमाराला गल्लीतून चाललात तर प्रत्येक कूलरखाली दोन-तीन कोंबड्या खड्डे करून बसलेल्या दिसतील. मधोमध, थेंबाच्या अगदी खाली, सगळ्यांत दांडगी.